ट्रोल जाळायचा असतो हे पोराटोरांना माहितीय, मग लढाईत मजा आणायची कुठून?

गोंधळी_डीएम:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय, सांभाळून घ्या. आमचा डी अँड डीचा (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट घडवत खेळायचा खेळ) ग्रुप आहे, मी डीएम म्हणजे गोष्ट आणि मॉन्स्टर चालवणारा, खेळाडू ऑफिसातलेच पाच जण, पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं, सगळे पाचव्या लेव्हलला पोचलेत. पुढच्या सेशनला ट्रोल आणायचाय आणि अडचण अशी की टेबलावरच्या प्रत्येकाला ट्रोल तोंडपाठ आहे. एसी १५ (नेमाचा आकडा एवढा आला तरच वार लागतो), एचपी ८४ (म्हणजे अंगातला जीव), स्वतःच्या टर्नच्या (पाळीच्या) सुरुवातीला १० एचपी भरून येतात, आगीचा किंवा ॲसिडचा मार बसला तर पुढच्या टर्नला ते भरून येणं बंद. मी "हिरवट, लांब हातांचा, वाकून चालणारा" एवढं म्हणेपर्यंत आमचा विझर्ड (जादूगार) फायर बोल्ट हा आगीचा स्पेल (मंत्र) काढून बसलेला असणार.

यावर दोन उपाय ऐकलेत. एक म्हणजे खेळाडूंना दम द्यायचा की तुमच्या कॅरॅक्टरला हे माहीत नाही तेव्हा माहीत नसल्यासारखं खेळा. दुसरा म्हणजे गुपचूप बदल करायचा, आगीऐवजी थंडी लागू करायची. दोन्ही मला पटत नाहीत आणि तिसरं काही सुचत नाही.

आणि हे फक्त ट्रोलचं नाही. मॉन्स्टरच्या पुस्तकात अर्ध पान कुळकथा असते, कुठे राहतो, काय खातो, कुणाला भितो, पण इनिशिएटिव्ह (लढाईत कुणाची पाळी आधी, त्याचा फासा) टाकला की त्यातलं काय उरतं? माझ्याकडे तरी नुसतं एचपीचं पोतं उरतं आणि पाच जण आळीपाळीने ते बडवत बसतात.

टीपीके_तात्या:
ट्रोल मेला की त्याचा धाकटा भाऊ आणा. फायरप्रूफ. प्रश्न मिटला.
(जागा धरून ठेवतोय, चहा घेऊन येतो.)

पेशवाईतला_पॅलाडिन:
खेळाडूच्या बाजूने सांगतो, पहिला उपाय म्हणजे छळ आहे. सगळ्यांना माहीत असतं, सगळे माहीत नसल्याचं सोंग करतात, तीन राऊंड तलवारीने वार करत बसायचं आणि वाट बघायची की कोण आधी "अरेच्चा माझ्या हातातून मशाल पडली" असं म्हणतोय. आणि मुळात कॅरॅक्टरला माहीत नसेल हे ठरवलं कुणी? ज्या डोंगराळ भागात पिढ्यान्पिढ्या ट्रोल येऊन शेळ्या नेतात तिथल्या आजीबाईला माहीत असणारच ना की आग लावायची असते. आपल्याकडे कोकणात तिन्हीसांजेला कुठल्या पिंपळाखालून जाऊ नये हे सांगायला गावात कुणी तज्ज्ञ लागतो का?

दुसरा उपाय तर त्याहून वाईट. विझर्डने आधीच्या लेव्हलला फायर बोल्ट घेतला तो काही विचार करून घेतला असेल, आता तो कामाचा असेल तेव्हाच तुम्ही नियम फिरवणार. एकदा केलंत की पुढे कुठल्याच माहितीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

कोबोल्डकाका:
गोंधळी, अरे ट्रोल हा पहिल्यापासूनच उसना माल आहे. पोल अँडरसन यांच्या १९६१ च्या एका कादंबरीत असा ट्रोल आहे, तोडलेला अवयव वळवळत परत येतो, शेवटी जाळावाच लागतो. गॅरी गायगॅक्सनी तो तिथून उचलला. म्हणजे १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डी अँड डी बाजारात आलं तेव्हा ज्यांनी कादंबरी वाचली होती त्यांना ट्रोलचं गुपित पहिल्या दिवसापासून ठाऊक. तरी पन्नास वर्षं लोक ट्रोलशी लढतायत. (मी विस्कॉन्सिनात राहतो, हे सगळं जिथे सुरू झालं ते लेक जिनीव्हा मिलवॉकीपासून तासाभरावर, त्यामुळे जुन्या भानगडींचा नाद जरा जास्त आहे, चालवून घ्या.)

याच्या अगदी उलट जन्मकथा रस्ट मॉन्स्टरची. स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांचं पाकीट मिळायचं, त्यात चित्रविचित्र प्राणी, ना नाव ना गाव. त्यातूनच आउलबेअर आला, त्यातूनच बुले आला आणि त्यातूनच हा शेपटीला पंखा असलेला किडा. मागे कुठली दंतकथा नाही, पुराण नाही. गायगॅक्सनी त्याला ना विष दिलं ना आगीचा फूत्कार, एवढंच ठरवलं की हा लोखंड गंजवतो आणि खातो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतसुद्धा हा सीआर (मॉन्स्टर किती अवघड त्याचा आकडा) अर्धा, एचपी २७, चावला तरी फार काही होत नाही. पण १५०० सोन्याच्या नाण्यांचं प्लेट आर्मर घातलेला फायटर, जो ओग्रसमोर छाती काढून उभा असतो, तो याला बघितल्यावर विझर्डच्या मागे जाऊन उभा राहतो. हे मी दर वेळी बघतो आणि दर वेळी हसतो. कुळकथा कुठे उरते विचारलंस ना, ती फायटरच्या त्या दोन पावलं मागे सरकण्यात उरते.

शिवाय त्याच्यावरचा इलाजही त्याच्या भुकेतच आहे. लोखंडी खिळे फेकायचे, तो ते खात बसतो, तुम्ही निघा. जुन्या पुस्तकापासून हे चालत आलंय.

वाड्यावरची_हाडळ:
काकांना +१. लोखंड खातो हे कळल्यावर लढाई सोपी होत नाही, उलट तिथून सुरू होते. ट्रोलचंही तसंच करायचं.

माझं म्हणणं सरळ आहे, कमजोरी लपवू नकोस, ती वापरणं महाग कर.

तुझा ट्रोल गावाच्या कोठारात घुसलाय असं धर. वर गवताचं छप्पर, खाली पेंढा पसरलेला, भिंतीला लागून पुढच्या पेरणीचं बियाणं. आग आहे ना तुमच्याकडे? टाका की. पाचव्या लेव्हलच्या विझर्डला नेमाच्या फाशावर साधारण +७ असतात, एसी १५, म्हणजे तीनातला एक नेम चुकणार, आणि चुकलेला फायर बोल्ट कुठेतरी जातोच. नियमाप्रमाणे चुकला की विषय संपला हे मला माहितीय, पण कोठारात मागे पेंढा आहे हे तू लढाईच्या आधीच सगळ्यांना स्पष्ट सांगायचंस, "चुकलात तर मागचं पेटेल, मान्य?" हे आधी सांगणं फार महत्त्वाचं, नंतर सांगितलंस तर ती डीएमची दगाबाजी होते.

आता बघ काय होतं. ट्रोलचा नियम नीट वाचलास तर तो मरतो कधी, तर त्याचा टर्न शून्य एचपीवर सुरू झाला आणि त्या टर्नला भरून आलं नाही तर. म्हणजे आग दर राऊंडला लागत नाही, शेवटी एकदा नेमकी लागते. हुशार पार्टी (म्हणजे खेळाडूंची टोळी) काय करेल, तलवारींनी शून्यावर आणेल, मग त्याचा टर्न यायच्या आत ओढत अंगणात नेईल आणि बाहेर जाळेल. ट्रोल लार्ज म्हणजे माणसाहून मोठ्या आकाराचा आहे, दारातून निघतो का, ओढणार कोण, बार्बेरियनचा टर्न ट्रोलच्या आधी आहे की नंतर, अंतर ३० फूट आहे की ४०, ओढताना वेग अर्धा होतो त्याचं काय. नाही पोचलात तर तो १० एचपी घेऊन तुमच्या हातातच उठणार, आणि त्याचे दोन पंजे आणि एक चावा सगळे लागले तर सरासरी २९ जातात. या लढाईत ट्रोलचं आख्खं पान भिंतीवर चिकटवून ठेवलंस तरी चालेल, मजा कमी होणार नाही.

गोंधळी_डीएम:
हाडळताई, दंडवत. अंगणात ओढून न्यायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. आमची बार्बेरियन खूश होईल, तिला गेली तीन सेशन नुसतं "मी मारते" म्हणायचं काम आहे.

सहज_विचारलं:
मी अगदी नवीन, अजून फासेपण घेतले नाहीयेत, नुसते व्हिडिओ बघतेय, त्यामुळे प्रश्न बावळट असेल तर सोडून द्या. पण सगळं आधीच माहीत असेल तर थरार कसला? गोष्टींमध्ये तर राक्षसाचा जीव कुठल्या पोपटात आहे हेच शोधायचं असतं ना?

पोथीवाली_काकू:
बावळट नाही गं, चांगला प्रश्न आहे. मी खेळत नाही, लेक खेळतो, त्याच्या मित्रांना पोहे करून देताना कानावर पडतं तेवढंच. पण महाभारत बघ ना. कर्णाकडे इंद्राने दिलेली शक्ती आहे, एकदाच वापरता येणार, ज्याच्यावर सोडली तो मेलाच. हे गुपित आहे का? कौरवांना माहीत, कृष्णाला माहीत, आपल्याला तर केव्हापासून माहीत. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवलीय. मग चौदाव्या दिवशी युद्ध रात्रीपर्यंत लांबतं, रात्री राक्षसांचं बळ वाढतं, आणि कृष्ण घटोत्कचाला कर्णावर सोडतो. तो असा काही धुमाकूळ घालतो की कौरव कर्णाच्या मागे लागतात, आत्ता वापर, अर्जुनाचं नंतर बघू, आजची रात्र तरी निघू दे. कर्णाला वापरावी लागते. पांडव रडतायत आणि कृष्ण आनंदाने नाचतोय. सगळा थरार त्या "वापरू की ठेवू" मध्ये आहे. शक्ती काय करते हे लपवलं असतं तर त्या रात्रीला काही अर्थच उरला नसता.

आणि पोपटातला जीव शोधायची गोष्टही छानच असते, पण ती एकदाच ऐकता येते.

टीपीके_तात्या:
काकू, पोहे कुठे मिळतात तेवढा पत्ता व्यनि करा.
आणि घटोत्कच पडता पडता अंग वाढवून एक अक्षौहिणी सैन्य चिरडून गेला, ते विसरलात. आमच्यात त्याला डेथ थ्रोज म्हणतात, बॅलॉर नावाचा राक्षस मरताना फुटतो, ३० फुटांत सगळ्यांना २० डी६ (सहा बाजूंचे वीस फासे) आगीचा मार. म्हणजे सूत्र जुनंच.

पेशवाईतला_पॅलाडिन:
काकूंचं उदाहरण भारी आहे पण त्यावरून माझी जुनी ठसठस वर आली, लेजेंडरी रेझिस्टन्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ड्रॅगनसारख्या मोठ्या मॉन्स्टरला दिवसातून तीनदा नापास झालेला सेव्ह (स्पेलपासून वाचायचा फासा) पास करून घेता येतो. म्हणायला हेही कर्णाच्या शक्तीसारखंच, तीनदाच आहे, खर्च करायला लावा. पण टेबलावर काय होतं? मी माझा सगळ्यात मोठा स्पेल टाकतो, फासा पडतो, ड्रॅगन नापास, मी खुर्चीतून अर्धा उठतो आणि डीएम म्हणतो, "नाही, तो पास झाला." बास. पुढच्याने टाका. घटोत्कच मेला तेव्हा निदान कथेत काहीतरी घडलं, इथे माझा टर्न गेला आणि जगात काहीच हललं नाही.

वाड्यावरची_हाडळ:
सहमत, आणि इलाज तोच, किंमत दिसू दे. आमच्याकडे रेड ड्रॅगन होता, ॲडल्ट, सीआर १७, एचपी २५६. त्याने रेझिस्टन्स वापरला की दर वेळी काहीतरी जायचं. पहिल्यांदा छातीवरचे खवले तडकले आणि एसी १९ चा १७ झाला. दुसऱ्यांदा पंख आखडला, उडणं अर्ध्यावर आलं. तिसऱ्यांदा घशातली आग विझली, पुढचा एक राऊंड श्वास नाही. त्याचा फायर ब्रेथ सरासरी ६३ चा मार देतो, तो एक राऊंड बंद करायला आमच्या बार्डने आपला शेवटचा स्लॉट (स्पेल टाकायची दिवसातली मोजकी संधी) आनंदाने जाळला. स्पेल "फुकट" गेला असं कुणी म्हणालं नाही.

हे नियमात नाही, माझं घरचं आहे. पण खेळाडूंना पहिल्या खवल्यालाच कळलं की हा मोजून वापरतोय, आणि मग ते ठरवून छोटे छोटे स्पेल टाकून त्याला चिडवायला लागले, म्हणजे काकूंचा कृष्णच झाला की.

कोबोल्डकाका:
अवांतर नाही पण थोडं वाकडं जातो. एकटा मॉन्स्टर विरुद्ध पाच जण यात खरं दुखणं ॲक्शनचं असतं. पाच जण पाच वेळा काहीतरी करतात, तो एकदा. चौथ्या आवृत्तीने, २००८ ची, यावर खूप डोकं लावलं होतं. मॉन्स्टरला कामं वाटून दिली, ब्रूट, लर्कर, आर्टिलरी, कंट्रोलर वगैरे, एक एचपीचे मिनियन आणले, एकट्याने लढायचे सोलो आणले. लोकांनी तेव्हा नावं ठेवली की हे कॉम्प्युटर गेम झालं, सोलोंच्या लढाया लांबायच्या हेही खरं, २०१० च्या तिसऱ्या मॉन्स्टर पुस्तकात आकडे सुधारले, मार वाढवला. पण गोब्लिनकडे बघून "हा मागून बाण मारणारा, हा पायात येणारा" हे चटकन कळायचं, आणि अर्धे एचपी गेले की ब्लडीड, तिथे मॉन्स्टरचं वागणं बदलायचं. मला ती आवृत्ती आवडायची, घाला शिव्या.

आणखी मागे जा. १९८१ च्या बेसिक संचात प्रत्येक मॉन्स्टरला मोराल असायचा, २ ते १२. त्यांच्यातला पहिला मेला की दोन डी६ टाकायचे, अर्धे पडले की परत टाकायचे, आकडा मोरालच्या वर गेला की पळाले नाहीतर शरण आले. एवढासा नियम, पण त्यामुळे मॉन्स्टरला जीव प्यारा आहे हे टेबलावर दिसायचं. आजकाल सगळे गोब्लिन शेवटच्या एचपीपर्यंत लढतात, जसं काही कुणी त्यांना पेन्शन लावलीय.

पोथीवाली_काकू:
बकासुराच्या गोष्टीत अगदी हेच आहे की! एकचक्रा नगरीतून त्याला ठरलेला रतीब जातो, गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस. भीम गाडा घेऊन जातो आणि तिथे बसून स्वतःच जेवायला लागतो. बक येतो, पाठीत गुद्दे घालतो, हा वळूनसुद्धा बघत नाही, जेवतोय. बक झाड उपटून आणतो, तेव्हा कुठे हा हात धुऊन उठतो. पुढे बक मरतो आणि आरडाओरडा ऐकून त्याचे बाकीचे नातेवाईक राक्षस बाहेर येतात. ते लढतात का? नाही, घाबरलेले असतात. भीम त्यांच्याकडून कबूल करून घेतो की यापुढे माणसांना हात लावायचा नाही, आणि सोडून देतो.

वाड्यावरची_हाडळ:
काकू, तुम्ही खेळायला याच. हे आख्खं एन्काउंटर तयार आहे. मॉन्स्टरला काय पाहिजे, तर जेवण. मग त्याला चिडवायची रीत कुठली, तर त्याचं जेवण खाणं. पहिला राऊंड त्याने ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येणं, म्हणजे पार्टीला जागा आधी बघता येते, खड्डा खणता येतो, झाडं तोडून ठेवता येतात म्हणजे त्याला उपटायला काही उरणार नाही (!). आणि म्होरक्या पडला की बाकीच्यांचा मोराल, मग तह. गोंधळी, लिहून घे. आकडे कुठल्याही जायंटचे लाव, कुणी विचारणार नाही.

गोंधळी_डीएम:
लिहून घेतलं. आणि आता राक्षसांचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलतो. पुढे मला मॉन्स्टरच्या पुस्तकातला राक्षसच आणायचाय, मोठा खलनायक म्हणून. वाघाचं डोकं, तळहात उलटे. पण आमच्या टेबलावर सगळे मराठी, त्यांना वाघतोंड्या राक्षस बघून हसू येणार. शिवाय सीआर १३.

पेशवाईतला_पॅलाडिन:
हसू कशाला, राग येतो. राक्षस म्हटल्यावर रावण, कुंभकर्ण, हिडिंबा, घटोत्कच असा गोतावळा डोळ्यासमोर येतो, त्यात वेदपाठी पण आहेत आणि खादाड पण. वाघाचं डोकं कुठून आणलं यांनी?

कोबोल्डकाका:
टीव्हीवरून. अमेरिकेत एक भुताखेतांची मालिका होती, नायक शिकागोचा वार्ताहर, कोल्चॅक नावाचा. डिसेंबर १९७४ च्या एका भागात राक्षस आहे, तो समोरच्याच्या विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन जवळ येतो, आणि मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरतो. गायगॅक्सनी १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये हे जसंच्या तसं घेतलं, आठव्या लेव्हलखालचा एकही स्पेल चालत नाही, आणि क्लेरिकने (देवाच्या पुजाऱ्याने) आशीर्वाद दिलेला क्रॉसबोचा बाण लागला की खेळ खलास. वाघाचं डोकं घट्ट बसलं ते डेव्ह ट्रॅम्पियरच्या चित्रामुळे, वाघोबा झोकात बसलेत आणि हातात पाईप. चित्र इतकं झकास आहे की पुढच्या सगळ्या आवृत्त्यांनी तेच धरलं.

पण रूप बदलून जवळ येणं ही गोष्ट काही परकी नाही ना? मारीच सोन्याचं हरीण झाला, हिडिंबा भीमासमोर सुंदर होऊन आली. गायगॅक्सला टीव्हीवरून मिळालं तरी मूळ धागा आपल्याच घरचा. तू डोकं बदल, बाकी ठेव.

वाड्यावरची_हाडळ:
उलट्या तळव्यांवर मी काही बोलणार नाही, आमचे पाय उलटे असतात, घराण्याचा प्रश्न आहे.

आता आकड्यांकडे बघा, यात गंमत आहे. पाचव्या आवृत्तीतला राक्षस सीआर १३, एसी १६, एचपी ११०. दोन पंजे, प्रत्येकी सरासरी ९, म्हणजे राऊंडला १८. ट्रोल सीआर ५, राऊंडला २९. वाचा परत. मारामारीत हा राक्षस ट्रोलपेक्षा मवाळ आहे! मग १३ कशाबद्दल, तर त्याला सहाव्या लेव्हलपर्यंतचा कुठलाच स्पेल लागू होत नाही, त्याची इच्छा असल्याशिवाय. जादूने त्याला शोधताही येत नाही. आणि तो मात्र पाहिजे तितक्या वेळा तुमच्या मनातलं वाचणार, पाहिजे तो चेहरा घेणार.

म्हणजे हा मैदानात उभा करायचा मॉन्स्टर नाहीच. मैदानात उभा केलास की चार राऊंडांत पडेल आणि सगळे म्हणतील हाच का तो. हा शहरात बसवायचा. सावकार कर त्याला, पार्टीला कर्ज देऊ दे, दोनदा मदत करू दे.

आणि त्याच्या पंजाचा शाप वाच नीट. ज्याला पंजा लागला त्याला रेस्टचा काही फायदा नाही, ना शॉर्ट ना लाँग. झोपला की डोक्यात घाणेरडी दृश्यं. एचपी भरत नाहीत, स्लॉट परत येत नाहीत. म्हणून त्याने लढायचंच नाही, अंधारात येऊन एकेकाला एकेक ओरखडा काढायचा आणि इनव्हिजिबल होऊन जायचं. १८ चा मार कुणाला लागतोय, पण तिसऱ्या दिवशी विझर्डकडे कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारे छोटे स्पेल) सोडून काही नाही आणि तेव्हा सावकार हसत हसत दारात.

सहज_विचारलं:
बाप रे. हे वाचून मला फासे घ्यायचेत. पण मग त्याला मारायचं कसं? जादूवाले नुसते बसून राहणार का?

पेशवाईतला_पॅलाडिन:
नाही. जादू त्याच्यावर चालत नाही पण आपल्या माणसावर चालते, फायटरला हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल) दे. त्याच्या डोक्यावरचा झुंबर ज्या साखळीला लटकलाय त्या साखळीवर चालते. झुंबर पडला तर तो झुंबरच आहे, स्पेल नाही. माझ्या मते जादूवाल्यांनी इतकं डोकं इतर कुठल्या लढाईत लावावं लागत नाही.

आणि त्याची कमजोरी तर माझी लाडकी आहे. जादूचं हत्यार पाहिजे, टोचणारं पाहिजे आणि धरणारा सज्जन पाहिजे, मग मार दुप्पट. आता आमच्या पार्टीत काय झालं असतं, जादूची रेपियर (टोचणारी पातळ तलवार) होती रोगकडे, म्हणजे पार्टीतल्या चोराकडे, आणि तो कसला सज्जन, न्यूट्रल, तोही उपकार म्हणून. सज्जन होता पॅलाडिन म्हणजे मी, माझ्याकडे ग्रेटसोर्ड, ती कापते, टोचत नाही. म्हणजे रोगने आपली लाडकी रेपियर मला द्यायची, मी ढाल आणि ती काडी घेऊन पुढे जायचं, आणि तो मागून ओरडणार नीट धर. हे सगळं माहीत असूनही, किंबहुना माहीत असल्यामुळेच. हाडळताईंचा मुद्दा.

एक सूचना, २०१४ च्या नियमात स्माईट (वाराला दैवी मार जोडणं) ही पॅलाडिनची स्वतःची शक्ती आहे, २०२४ च्या नियमात तो स्पेल झालाय. जुना राक्षस आणि नवा पॅलाडिन एका टेबलावर आणलात तर राक्षसावर स्माईट चालतो की नाही यावर सेशन संपेपर्यंत भांडाल. आधीच ठरवा.

टीपीके_तात्या:
सज्जन कोण यावर आमच्या ग्रुपात मतदान घ्यावं लागेल आणि निकाल शून्य-पाच लागेल.

गोंधळी_डीएम:
सावकाराची कल्पना फायनल. वाघाचं डोकं काढतोय, फक्त पाणी किंवा आरशात बघितलं तर तळहात उलटे दिसतील, म्हणजे ज्याला शोधायचंय त्याला शोधता येईल. पहिली दोन कर्जं बिनव्याजी. पण एक अडचण आहे, आमच्या क्लेरिककडे रिमूव्ह कर्स आहे, तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, आत्ताच मिळालाय. रोज सकाळी उठून सगळ्यांचे शाप काढून टाकेल. त्याला शनिवारी येऊ नको म्हणू का?

वाड्यावरची_हाडळ:
येऊ दे की. पाचव्या लेव्हलला त्याच्याकडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच आहेत आणि ओरखडे पाच जणांना. त्यात पहिला ओरखडा त्यालाच काढ, म्हणजे त्याने आधी स्वतःला सोडवलं तर चौघांसाठी एकच उरतो आणि नाही सोडवलं तर उद्याचे दोन येतच नाहीत. कुणाला सोडवायचं हे तुझ्या टेबलाने ठरवू दे, तू गप्प बस. सावकाराने मात्र दुसऱ्या दिवशी येऊन चौकशी जरूर करायची, "काय हो, झोप झाली का नीट?"

टीपीके_तात्या:
हाडळताई तुमच्याकडे कर्ज घ्यायला कोणी येत असेल तर त्याचं काही खरं नाही.

सहज_विचारलं:
फासे ऑर्डर केले. सात आले पाहिजेत ना एका संचात? आणि पुण्यात कुणाच्या टेबलावर जागा आहे का, मी सज्जन आहे, टोचणारं हत्यार मिळालं तर बघा.